द्रुत फाटू नये म्हणून : नव्या कार्ट्रिजच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

संध्याकाळी मारुबिहाग रागाची एलपी लावली होती. विलंबित फार छान झालं. मुखडा दर आवर्तनाला अलगद समेवर येत होता, मागे तानपुरा भरलेला. मग द्रुत (जलद लयीतला भाग) सुरू झालं आणि शेवटच्या तीन-चार मिनिटांत आवाज फाटायला लागला. आकाराच्या तानांवर खरखर, बंदिशीतल्या प्रत्येक 'स'वर फिस्सकन वाफ सुटल्यासारखा आवाज. दोन-तीन वर्षं हे ऐकतोय आणि 'रेकॉर्ड जुनी आहे' म्हणून सोडून देतोय. आज सोडलं नाही. लागोपाठ आणखी पाच रेकॉर्डी लावल्या. पाचही शेवटाकडेच फाटतात. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या पाच रेकॉर्डी नेमक्या एकाच जागी झिजल्या असतील हे पटत नाही. दोष वाजवणाऱ्या बाजूला आहे.

नोंदीसाठी सध्याचं सामान: काकांनी मस्कतहून आणलेला टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ टर्नटेबल, त्यावर ऑडिओ-टेक्निकाचं हिरव्या सुईचं एटी९५ई कार्ट्रिज, म्हणजे सुईची कंपनं विजेत बदलणारा भाग (मीच २०१५च्या शेवटी बसवलं होतं), आणि फोनो इनपुट (टर्नटेबल जोडायची जागा) असलेला जुना देशी ॲम्प्लिफायर.

६ जानेवारी

कॉलेजच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढली, तेव्हा आधी कागद-पेन्सिल.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या काठाशी खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर वेगाने जाते. आत, लेबलाजवळ, ६० मिलिमीटर त्रिज्येवर तीच खाच फक्त २१ सेंटिमीटर वेगाने जाते. म्हणजे तेवढ्याच वेळातलं गाणं निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेलं असतं. दहा हजार हर्ट्झचा एक हेलकावा बाहेर ५१ मायक्रॉन लांब, आत २१ मायक्रॉन. गोल टोकाच्या सुईची त्रिज्या पंधरा-सोळा मायक्रॉनच्या घरात. ती त्या २१ मायक्रॉनच्या वळणात शिरणार कशी? शिरत नाही, वरच्यावर घसटत जाते, आणि आपल्याला ते फाटलेलं ऐकू येतं.

आता आपली मैफल बघा. पाश्चात्त्य पॉपच्या रेकॉर्डीवर बाजूचं शेवटचं गाणं संथ ठेवण्याची पद्धत होती, म्हणजे आतल्या खाचांवर भार कमी पडायचा. आपल्याकडे ते शक्यच नाही. बाजू सुरू होते आलापाने, ऐसपैस, कमी आवाजात, जिथे खाचेत जागाच जागा आहे. आणि सगळ्यात दाट, सगळ्यात जोरकस भाग, द्रुतातल्या ताना, तराणा, सतारीवरचा 'झाला' (शेवटचं वेगवान वादन), हा येतो लेबलाला टेकताना. रागाची चढण आणि तबकडीची उतरण एकाच ठिकाणी गाठ घालतात.

म्हणून या सगळ्या खटाटोपाची एकच कसोटी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली: बाजूची शेवटची पाच मिनिटं. कार्ट्रिज सुरुवातीला कसं वाजतं याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. सुरुवातीला सगळीच बरी वाजतात.

११ जानेवारी

नवीन काही घ्यायच्या आधी आहे ते नीट लावलंय का, हे तपासलं. टेक्निक्सचं माप सोपं आहे: हेडशेलच्या (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या भागाच्या) मागच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर. माझं भरलं साडेएकोणपन्नास. अडीच मिलिमीटर मागे! इतकी वर्षं सुई खाचेत वाकडी चालत होती. स्क्रू सैल करून पुढे सरकवलं, वजनकाट्यावर दाब २ ग्रॅम केला (१.६ होता), अँटीस्केटिंग (आर्मची आत ओढली जाण्याची ओढ तोलणारी सोय) त्याच आकड्यावर आणलं.

मारुबिहाग पुन्हा. फरक आहे, चांगलाच आहे. फाटणं निम्म्यावर आलं. फुकटात. दाबाबद्दल एक गैरसमज आपल्याकडे घट्ट रुजलाय, की सुई जितकी हलकी तितकी रेकॉर्ड जपली जाते. उलट आहे. दाब कमी पडला की सुई खाचेत उड्या मारते आणि प्रत्येक उडीला भिंतीवर घाव घालते.

उरलेलं निम्मं मात्र गेलं नाही.

१३ जानेवारी

शेजारच्या सराफांकडून दहापटीचं भिंग आणलं. दहापटीत हिऱ्याची झीज दिसत नाही, त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. सुईची दांडी सरळ आहे आणि टोकाला काळं किटण जमलंय एवढंच दिसलं. पण हिशेबाने कळतं. आठवड्याला चार बाजू, वर्षाला दोनशेच्या वर, नऊ वर्षांत साधारण १,८७० बाजू, वीस मिनिटांची एक धरली तर सहाशे तासांच्या वर. माझ्या सुईचं टोक एलिप्टिकल, म्हणजे लंबगोल; अशा सुईचं आयुष्य हीच कंपनी ३०० तास सांगते. दुप्पट वापरली. नवीन घेण्यावाचून गत्यंतर नाही.

१९ जानेवारी

खर्चाची मर्यादा वीस हजार. यादी केली आणि एकेक नाव खोडत गेलो.

डेनॉन डीएल-१०३. याची ओढ जुनी. १९६२ साली जपानच्या एनएचके या रेडिओसाठी घडवलेलं आणि आजही बनणारं मूव्हिंग कॉइल, म्हणजे आत गुंडाळी हलणारं कार्ट्रिज. मानवी आवाजाला फार छान, असं ज्यांच्या कानावर माझा विश्वास आहे ते सांगतात. पण त्याचं आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट, माझा फोनो इनपुट मूव्हिंग मॅग्नेटसाठी (आत चुंबक हलणाऱ्या कार्ट्रिजसाठी), म्हणजे चार-पाच मिलिव्होल्टच्या हिशेबाने बांधलेला. मग ट्रान्सफॉर्मर किंवा वेगळा प्रीअँप आला, खर्च दुप्पट. पैसे जमवलेही असते, पण सुईचं टोक गोल. वहीच्या पहिल्या पानावरच्या कसोटीत गोल टोक बसत नाही. जड मनाने खोडलं.

नागाओका एमपी-११०. नाव चांगलं, आवाज गोड असल्याचं ऐकून आहे. टोक पुन्हा एलिप्टिकल. आहे तिथेच राहणं झालं.

ऑर्टोफॉनचं टूएम रेड आणि ब्लू दोन्ही एलिप्टिकल. ब्लूचा हिरा अख्खा, रेडचा धातूच्या खुंटीवर चिकटवलेला. कार्ट्रिजच्या एकाच अंगात दोन्ही सुया बसतात ही सोय मोठी. ज्या बारीक टोकाचा मला उपयोग ते त्यांच्या ब्राँझपासून सुरू होतं आणि ब्राँझ माझ्या मर्यादेबाहेर.

ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५. एकच अंग, सहा सुया: गोल, एलिप्टिकल, अख्ख्या हिऱ्याची एलिप्टिकल, मायक्रोलिनिअर, शिबाता आणि ७८ फेऱ्यांसाठीची जाड. शिबाता हे टोक जपानच्या जेव्हीसीमधल्या नोरिओ शिबाता यांचं. चार स्पीकरच्या रेकॉर्डींवरची अतिउच्च कंपनं वाचायला काढलेलं. मायक्रोलिनिअर हे बारीक धारेचं टोक; त्याची बाजूची त्रिज्या ०.१२ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे तीन मायक्रॉन. एलिप्टिकलची साडेसात. २१ मायक्रॉनच्या वळणात तीन मायक्रॉनची धार सहज फिरेल. आणि आयुष्य कंपनीच्या सांगण्याप्रमाणे १,००० तास, शिबाताचं ८००. सुई महाग, तरी तासाला पडणारा खर्च बघितला तर डोळे फिरत नाहीत.

आर्मशी जुळतं का, तेही पाहिलं. आर्म हेडशेलसह १२ ग्रॅम, कार्ट्रिज ६.१, स्क्रू धरून १९. सुईच्या दांडीची लवचीकता १०० हर्ट्झला १० दिलीय. १० हर्ट्झला ती साधारण पावणेदोन पट, म्हणजे १७ धरली. १५९ भागिले (१९ × १७) चं वर्गमूळ, उत्तर ८.८ हर्ट्झ; आर्म आणि कार्ट्रिज मिळून आपोआप डोलतात ती कंपनसंख्या. ८ ते १२ च्या मध्ये हवं असतं, कारण त्याखाली वाकड्या रेकॉर्डीचा हेलकावा आणि वर गाणं. बसलं.

एटी-व्हीएम९५एमएल. ठरलं.

३१ जानेवारी

पार्सल आलं आणि परत पाठवलं. खोक्याचं सील आधी फाडून पुन्हा चिकटवलेलं. कार्ट्रिजच्या डोक्यावर स्क्रूच्या टाचांचे चकाकते ओरखडे, लाल सुईच्या टोकाला लोकरीचा तंतू. कुणीतरी वापरून परत केलेला नग विक्रेत्याने नवा म्हणून पाठवला. सराफांचं भिंग परत केलं नव्हतं म्हणून हे दिसलं. फोटो काढले, तक्रार केली, वाद घालावा लागला. पैसे परत यायला तीन आठवडे लागतील म्हणे.

ऑनलाइन सुई घेणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो: खोका उघडताना चलचित्र काढा आणि बसवायच्या आधी भिंगाखाली धरा. एकदा स्क्रू पिळले की तुमचा शब्द कुणी मानणार नाही.

२३ फेब्रुवारी

दुसऱ्या दुकानातून आलेला नग उत्तम. दांडी समोरून नाकासारखी सरळ.

बसवायला दोन तास लागले आणि त्यातला दीड तास चार तारांनी खाल्ला. हेडशेलच्या तारा केसापेक्षा थोड्या जाड, टोकाला पितळी टोप्या, चार मिलिमीटरच्या. पांढरी डावी, तिची जोडीदार निळी; लाल उजवी, तिची हिरवी. टोपी चिमट्याने धरून पिनवरून मागे ओढायची, तार कधीही ओढायची नाही. तीन निघाल्या. निळी घट्ट बसलेली. चिमटा जरा हलवला आणि तार टोपीतून तुटून हातात आली. टोपी पिनवरच.

कथलाचा डाग देऊन जोडायचं तर टोपी पिनवरून काढूनच. पिनवर टोपी असताना तापवलं तर उष्णता आत शिरून केसासारखी गुंडाळी तुटते. टोपी काढली, टेबलावर दातकोरणीच्या टोकावर खोचली, तारेचं टोक खरवडून कथलाचा एक कण लावला. दातकोरणी काढल्यावर टोपीचं तोंड जरा मोठं झालेलं. नव्या पिनवर सरकवायच्या आधी चिमट्याने इतकं हलकं दाबलं, की दाबलं की नाही हे मलाच कळू नये. सरकली. घट्ट बसली.

पुढचं सोपं गेलं. या अंगात आटे पाडलेले आहेत, त्यामुळे नट लागत नाही. जुन्याला नट होते, नाकातल्या चमकीच्या फिरकीएवढे, आणि एक खाली पडला की अख्खी खोली झाडावी लागायची. ५२ मिलिमीटर, २.० ग्रॅम, आरशावर सुई टेकवून प्रतिबिंब सरळ रेषेत. आता रात्र झालीय. उद्या ऐकतो.

२४ फेब्रुवारी

फाटणं गेलं, पण मन नाराज आहे.

तान स्वच्छ आहे, एकेक दाणा सुटा. पण 'स' टोचतात. टाळ्यांचा आवाज पत्र्यासारखा. तानपुऱ्यावर एक चंदेरी वर्ख चढलाय जो खऱ्या तानपुऱ्याला नसतो. मी मिरजेचा. दर दोन घरांआड तानपुरा जुळवताना ऐकत वाढलोय. हा आवाज मला खोटा वाटतो.

२ मार्च

कारण सापडलं. कार्ट्रिजची गुंडाळी ५५० मिलिहेन्रीची, आणि तिच्यापुढे जितकी धारिता (कपॅसिटन्स) येईल तितकं दोघांचं अनुनादन, म्हणजे आवाज फुगवणारी कंपनसंख्या, खाली सरकतं. कंपनी १०० ते २०० पिकोफॅरड सांगते. तारांची धारिता मोजली, १२० भरली. ॲम्प्लिफायर उघडला तर फोनो इनपुटवर प्रत्येक बाजूला ३३० चा कपॅसिटर. बेरीज ४५०. गणित केलं: अनुनादन १०.१ किलोहर्ट्झला. 'स' चा चावा आणि जवारीची (घोडीवर घासत तारेतून उठणाऱ्या झणकाराची) चमक राहतात बरोबर तिथेच. तिथे उंचवटा आणि त्याच्यावर उतार.

३३०चे काढून ४७चे लावले. बेरीज १६७, अनुनादन साडेसोळा किलोहर्ट्झच्या वर. भाग दहा रुपयांचे असतील नसतील.

पहिली बाजू लावली आणि पंधरा मिनिटं जागचा हललो नाही. वर्ख गेला. खाली खरा धातू होता.

फोनो इनपुटवर किती पिकोफॅरड आहेत हे विचारल्याशिवाय कुठल्याही मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला 'तिखट' किंवा 'मंद' म्हणू नये. सहा दिवस मीही या कार्ट्रिजवर अन्याय करत होतो.

९ मार्च

आज चाचांना बोलावलं. सतारमेकर गल्लीत त्यांच्या तीन पिढ्या तानपुरे करतात. घोडीवर कानस फिरवत, दोरा सरकवत, तासन्‌तास एका तारेची जवारी काढणारा माणूस. माझ्या कानाचा भरवसा मला आहे, पण मी पैसे खर्च केलेत, त्यांनी नाही.

काही सांगितलं नाही. दोन हेडशेलं तयार होती: एकात जुनं एटी९५ई, नीट मापात लावलेलं, दुसऱ्यात नवं. मारुबिहागची तीच बाजू, तीच शेवटची पाच मिनिटं. आधी जुनं.

"चांगलं आहे की," चाचा म्हणाले. "गाणं चांगलं आहे."

हेडशेल बदललं. दाब पुन्हा मोजला. चाचांनी डोळे मिटले. द्रुत संपेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, पुन्हा लावा. गाणं सोडा, मागचं ऐकू द्या."

पुन्हा लावलं.

"जोडी आहे हो ही. दोन तानपुरे आहेत. मघाशी एकच वाटत होता. एकाची जवारी खुली आहे, दुसऱ्याची जरा बंद. बंद आहे त्याचा दोरा अर्धा केस पुढं घेतला असता तर जुळली असती."

ही रेकॉर्ड माझ्याकडे तीस वर्षं आहे. मागे जोडी आहे हे मला माहीत नव्हतं. द्रुतातल्या तानांच्या गर्दीत, लेबलाला टेकलेल्या खाचांमध्ये, दोन तानपुऱ्यांची जवारी वेगळी ओळखता येते, याहून मोठी परीक्षा मला सुचत नाही. चाचा गेल्यावर बराच वेळ नुसता बसून राहिलो.

१६ मार्च

उरलेला प्रश्न मांडणीचा, म्हणजे हेडशेलमध्ये कार्ट्रिज नेमकं कुठे आणि किती कोनात बसवायचं याचा. बेअरवाल्ड मांडणीत सुई तबकडीच्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर खाचेला अगदी समांतर होते. सगळ्या बाजूभर चूक सारखी वाटली जाते. स्टीव्हन्सन मांडणीत आतला बिंदू ६०.३ वर, म्हणजे जवळपास गाणं संपतं तिथेच. मधल्या भागात थोडं जास्त सोसायचं आणि शेवट जपायचा. टेक्निक्सचं ५२ मिलिमीटरचं माप या दुसऱ्या पद्धतीच्याच जवळचं आहे.

दोन्ही कागदावर छापून (छापल्यावर पट्टीने मोजून घ्या, प्रिंटर हळूच आकार बदलतो) दोन्ही लावून पाहिल्या. बेअरवाल्डने मधलं विलंबित कणभर मोकळं वाटलं, खात्रीने सांगता येणार नाही इतकं कणभर. शेवट मात्र स्टीव्हन्सनचा निःसंशय चांगला. बहुतेक जाणकार बेअरवाल्ड सुचवतात. त्यांच्या रेकॉर्डी वेगळ्या आहेत. ख्यालाच्या रेकॉर्डी ऐकणाऱ्याने स्टीव्हन्सनच लावावं असं माझं ठाम मत झालंय. कार्ट्रिज परत ५२ वर नेलं.

२२ मार्च

वडिलांच्या रेकॉर्डी काढल्या. आजवर भीतीने लांबवलं होतं. या सगळ्या एचएमव्हीच्या फिएस्टा रेकॉर्डप्लेअरवर वाजलेल्या. सिरॅमिक कार्ट्रिज, आजच्या कित्येक पट दाब, आणि सुई तुटेपर्यंत न बदलण्याचा रिवाज. बहुतेक ईसीएलपी क्रमांकाच्या, म्हणजे मोनो.

बारीक टोकाबद्दल दोन मतं वाचली होती. एक, ते खाचेच्या भिंतीचा असा भाग वाचतं जिथे जुनी जाड सुई टेकलीच नव्हती, त्यामुळे झिजलेली रेकॉर्ड सुधारते. दुसरं, ते प्रत्येक ओरखडा वेचून दाखवतं. दोन्ही खरी निघाली. आधी सगळ्या धुतल्या: डिस्टिल्ड पाणी, दोन थेंब भांड्याचा साबण, मऊ ब्रश, पुन्हा नुसतं डिस्टिल्ड. ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबलं. मोनो रेकॉर्डीत गाणं फक्त आडव्या हेलकाव्यात असतं, उभ्या हेलकाव्यातली खरखर दोन्ही बाजू एकत्र केल्या की एकमेकींना खाऊन टाकते. बटण न दाबता मोनो रेकॉर्ड ऐकू नये.

अकरापैकी सात रेकॉर्डी मी कधी ऐकल्या नव्हत्या इतक्या स्वच्छ वाजल्या. दोघींत टकटक वाढली, पण टकटकीच्या मागचं गाणंही वाढलं. दोन वाचत नाहीत.

त्या दोनांतली एक भीमसेनजींची. वडील ती रोज पहाटे लावायचे. द्रुतात एका जागी ती अजून फाटते, सुई कुठलीही लावा. भिंगाखाली तिथली खाच राखाडी दिसते, आजूबाजूची काळी चकचकीत. वडील तिथे हात उचलून सुई मागे घ्यायचे आणि ती तान परत ऐकायचे, हे मला आठवतं. तेवढीच जागा राखाडी आहे. पाकिटावर पेन्सिलीने 'बाजू २, शेवटून चौथं मिनिट' लिहिलं आणि रेकॉर्ड तशीच पुढच्या रांगेत ठेवली.

३० मार्च

लाखेच्या (जुन्या, ७८ फेऱ्यांच्या) तबकड्यांचं विचारणाऱ्या दोघांसाठी: एमके२ वर ७८चा वेग नाही, आणि मायक्रोलिनिअर सुई लाखेवर चुकूनही टेकवू नका. त्या खाचेला ३ मिलची जाड सुई लागते. या अंगात तशी सुई बसते, दाब ५ ग्रॅमच्या आसपास. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन तबकड्या आहेत माझ्याकडे. ज्या गावात ते राहिले त्याच गावात त्या नुसत्या कपाटात आहेत हे बरं वाटत नाही. ७८ चा वेग असलेला टर्नटेबल मिळाला की त्याची वही वेगळी.

४ एप्रिल

तासांचा हिशेब आजपासून पाठच्या पानावर. दर बाजूला एक उभी रेघ, पाचवी आडवी. आतापर्यंत १२३ बाजू, ४१ तास. आज रात्री मारुबिहाग, दोन्ही बाजू. चाचा त्यांच्या मुलाला घेऊन येणार आहेत. त्याला बंद जवारी कशी ओळखायची ते या रेकॉर्डीवरून दाखवायचंय म्हणे.